काटाघराचा चार्ज

१

शहादेवचा फोन आला तेव्हा मी बीडच्या स्टँडवर अंबाजोगाईच्या गाडीची वाट बघत उभा होतो. एका हातात मोसंब्यांची पिशवी, दुसऱ्या हातात अम्मीचा डबा, आणि डोक्यावर मे महिन्याचं ऊन. पावसानं पाठ फिरवलेली, टँकर आला की भांडणं, न आला की शिव्या, असे ते दिवस होते.

"जमील, कुठं हाईस बे?"

"अम्मीकडं निघालोय. संध्याकाळी ऑपरेशन हाय तिचं. तुला म्हाईत न्हाई का?"

"म्हाईत हाय म्हणून तर फोन केलाय. वाटंत कारखान्यावर उतर. दोन सर्व्हर जोडायचेत, तासाभराचं काम. मंग मीच तुला गाडीवर नेऊन सोडतो. बशीच्या आधी पोचशील."

दुसरा कुणी असता तर मी त्याला तिथंच झापला असता. अंगात नेटवर्किंगचा किडा असला तरी आईच्या ऑपरेशनच्या दिवशी कुणी वायरी ओढत बसत नाही. पण शहादेवला नाही म्हणणं मला कधीच जमलं नाही. बीडला कॉम्प्युटरच्या कोर्सला आम्ही एका बाकावर बसायचो. त्याच्या डब्यातली भाकरी माझी, माझ्या डब्यातलं सालन त्याचं. पुढं तो सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभागाचा साहेब झाला आणि मी दुकान टाकलं. अम्मीला अंबाजोगाईला ॲडमिट केलं तेव्हा खाट मिळत नव्हती. तीसुद्धा यानंच ओळखीनं मिळवून दिली.

अम्मीचं एकच म्हणणं होतं, "तू नै आया तो मैं अंदर नै जाती." आणि ती नुसतं बोलणारी बाई नव्हती. मागच्या खेपेला माझी गाडी बंद पडली, मला उशीर झाला, तर ती ऑपरेशनच्या दारातून परत येऊन खाटेवर बसली होती. डॉक्टर मला म्हणाले, "आता पुढं ढकललं तर आमच्या हातात काही राहणार नाही. तुम्ही वेळेवर या, बस्स."

शहादेवला यातलं सगळं ठाऊक होतं. हे आधीच सांगून ठेवतो.

२

कारखाना बंद होता. दोन वर्षांपूर्वी गळीत हंगाम अर्ध्यातच थांबला होता. उसाला पाणी नव्हतं, उभा ऊस चारा छावण्यांत गेला आणि भोंगा एका दुपारी वाजायचा बंद झाला. आता कुणीतरी कारखाना चालवायला घेणार होतं. त्या लोकांना ऑफिसात बसून काटाघरातली वजनं दिसायला हवी होती. म्हणून ऑफिसातला नवा सर्व्हर आणि फाटकाजवळच्या काटाघरातला जुना सर्व्हर एकमेकांना जोडायचे, एवढंच काम.

शहादेव ऑफिसच्या पायरीवर उभा होता. मला बघून हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. दाढी वाढलेली. मला वाटलं, उन्हानं झालं असेल.

"वायर कालच ओढून ठिवलीय," तो म्हणाला. "तू फक्त जोडून दे."

आमच्या धंद्यात जोडणी झाली की नाही ते बघायची सोपी रीत आहे. प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. एका यंत्रावरून दुसऱ्याच्या पत्त्यावर हाक मारायची. तिकडून ओ आली म्हणजे वायर जिवंत. मी नव्या सर्व्हरसमोर बसलो, काटाघराचा पत्ता घातला आणि सहज हाक मारली.

ओ आली. एकदा नाही, लागोपाठ, बिनचूक.

"अरे, हे तर चालूच हाय की! मला कशाला उन्हात तळलंस?"

 शहादेव पडद्याकडं बघत होता.  मग तो हळूच म्हणाला, "तिकडचं टोक जोडलं न्हाई अजून."

मी हसलो. "म्हंजे दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राला त्वा हाच पत्ता देऊन ठिवलास. एखादा प्रिंटर असंल. एका पत्त्यावर दोघं बसले की असाच घोळ होतो."

"असंल," तो म्हणाला.

शहादेव कामात पक्का माणूस. पत्त्यांचा असा घोळ त्याच्या हातून व्हायचा नाही आणि झालाच तर तो मान्य करायच्या आधी तासभर वाद घालेल. आज त्यानं वाद घातला नाही. मला ते खटकलं, पण डोक्यात अम्मी होती.

"तू जा काटाघरात," तो म्हणाला. "मी हितं बसतो. फोनवर बोलू."

"चल की बरोबर. दोघं मिळून लवकर उरकू."

"न्हाई. मी हितंच बरा हाय."

उंटावरून शेळ्या हाकायची ही सवय त्याला साहेब झाल्यापासून लागली, असं मी मनातल्या मनात म्हटलं आणि निघालो. वाटेत मागं वळून बघितलं तर तो खिडकीत उभा होता. हात वर केला, त्यानं केला नाही.

३

काटाघर म्हणजे फाटकाजवळची एक खोली. तिच्या मोठ्या खिडकीसमोर वजनकाट्याचा लोखंडी ओटा. उसाची गाडी ओट्यावर चढली की खोलीतल्या डब्यावर लाल आकडे उमटायचे. आता ओटा मोकळा होता आणि त्याच्या फटींत धूळ साचली होती.

दारात एक म्हातारी झाडत होती. भिवराबाई, कारखान्याची जुनी झाडूवाली. कारखाना बंद पडला तरी तिला जायला दुसरं गाव नव्हतं.

"कोन पाव्हनं?"

"मी जमील. बीडहून आलोय, कॉम्प्युटर जोडायला. शहादेव सायबांचा दोस्त."

"बरं बरं." तिनं उंबऱ्यावर भरून ठेवलेला पाण्याचा पेला उचलला. मी आपला हात पुढं केला, कारण तहान लागली होती. तिनं पेला मागं ओढला.

"त्यो तुमचा न्हाई, जमीलभाई. तुमाला माठातलं देते."

"मंग हा कुणाचा?"

"उत्तरेश्वर सायबाचा."

 उत्तरेश्वर म्हणजे शहादेवचा थोरला भाऊ. कारखाना बंद पडला त्याच सुमाराला तो कुठंतरी निघून गेला. शहादेवनं मला एवढंच सांगितलं होतं, की पुण्याला गेला असेल. तो या खोलीत कामाला होता, हे मात्र कधी सांगितलं नव्हतं.

"ते हितं होते?"

"काट्याचं कारकून. शेवटची पाळी त्येंचीच. भोंगा बंद झाला, समदी घरला गेली. पर काट्याची रीत हाय ना, दुसरा मानूस येऊन चार्ज घेतल्याबिगर खुर्ची सोडायची न्हाई. खुर्ची रिकामी पडली तर वजनावर इस्वास राहत न्हाई कुनाचा. धाकल्या भावाला म्हनले, बदली मानूस धाड. भाऊ म्हनला, धाडतो. त्यो धाडायचा इसरला, का कारखानाच बंद झाला म्हून कुनी आलं न्हाई, देवाला ठावं. सकाळी खोली मोकळी."

"आन् पाणी कावून ठेवता?"

"सांजच्याला पेला रिकामा असतो."

मी उगाच मान डोलावली. मे महिन्यात उघड्या पेल्यातलं पाणी उडून जाणारच, त्यात नवल काय? शिवाय उंदीर, चिमण्या. पाण्याला तरसलेल्या मुलखात पेला रिकामा होणं ही काही भुताची गोष्ट नव्हती. म्हातारी पेला आतल्या टेबलावर ठेवून झाडत झाडत फाटकाकडं गेली आणि मी आत पाऊल टाकलं.

आत गार होतं. पत्र्याच्या खोलीत, मे महिन्याच्या भर दुपारी. माझ्या घामेजलेल्या अंगावर काटा उभा राहिला. झाडूचा आवाज बाहेर चालू होता, पण उंबऱ्याच्या आत तो एकदम लांबचा वाटू लागला.

४

जुना सर्व्हर टेबलाखाली होता. वाकून बघितलं. तो बंद होता. विजेची पिन भिंतीतून काढलेली आणि शहादेवनं ओढून आणलेल्या वायरीचं टोक जमिनीवर मोकळं पडलं होतं.

मी तिथंच उकिडवा बसून राहिलो. ज्या पत्त्यावरून मघाशी ओ आली होती ते यंत्र माझ्यासमोर मेलेलं पडलं होतं. प्रिंटरच असणार, मी स्वतःला बजावलं. ऑफिसात कुठंतरी जुना प्रिंटर असणार. परत गेलो की शोधून काढीन आणि शहाद्याच्या डोक्यात घालीन.

पिन लावली, वायर खोचली. यंत्र घरघरलं. आणि उठता उठता मला पाय दिसले.

टेबलापलीकडं, खुर्चीखाली. दोन पाय, चपला घातलेले, टाचांना भेगा. दोन्ही अंगठे वर उचललेले, खूप वेळ एका जागी बसल्यावर माणूस मुंग्या घालवायला उचलतो तसे. मी डोकं वर काढलं. खुर्ची रिकामी होती. परत खाली बघितलं, तर नुसती फरशी आणि खुर्चीचे चार पाय.

पाचावर धारण बसली म्हणतात ते काय असतं ते मला तेव्हा कळलं. मी दाराकडं निघालोच होतो, एवढ्यात फोन वाजला.

"जमील, झालं का?" शहादेव.

"शहाद्या, तू हितं ये. मला हे काम करायचं न्हाई."

"कावून? काय झालं?"

काय सांगणार? पाय दिसले म्हणून सांगणार? शिकलेला माणूस मी, गावोगाव नेटवर्क टाकत फिरणारा.

"काय न्हाई. वायर लावलीय. हाक मारून बघ."

"बघतो. पर आधी खुर्चीत बस. यंत्रासमोर मानूस लागतो, तिकडून मंजुरी द्यावी लागती."

हे खरं होतं. जुन्या यंत्रावर नव्याला परवानगी द्यायचं बटण दाबावं लागतं. मी मन घट्ट करून खुर्चीत बसलो.

खुर्ची गरम होती.

खोली गार आणि खुर्ची गरम. कुणी आत्ताच उठून गेल्यावर असते तशी, माणसाच्या अंगाची ऊब. ऊन पडलं असेल म्हणून खिडकीकडं बघितलं. ऊन खिडकीच्या पलीकडं, ओट्यावर थांबलं होतं.

"बसलास?"

"बसलो. बटन दाबलं. आता सोड मला."

"एकच ऱ्हायलं." शहादेवचा आवाज बारीक झाला. "काट्याची रीत हाय. मी इचारतो, तू म्हन. चार्ज घेतला का?"

"तुझं डोकं फिरलंय का बे? दोन डबे जोडायला कशाचा चार्ज?"

"म्हन की, जमील. तुला अम्मीकडं जायचंय ना? म्हन आन् निघू. गाडी काढून ठिवलीय."

त्यानं अम्मीचं नाव घेतलं. तिचं नाव घेऊन त्यानं मला घाई लावली. त्याची ही गोष्ट मी कधीही माफ करणार नाही.

"चार्ज घेतला का?"

"घेतला बाबा, घेतला!"

समोरच्या डब्यावर लाल आकडे पेटले. ओट्यावर गाडी नव्हती, तरी आकडा उमटला, साठच्या आसपास, एका माणसाचा. मी खिडकीतून बघितलं. ओट्यावरून एक माणूस ऑफिसकडं चालत निघाला होता. मला त्याची पाठ तेवढी दिसली. निळ्या चौकड्यांचा शर्ट, आज अम्मीला भेटायचं म्हणून मी सकाळी घडी मोडून घातलेला. हातात माझीच मोसंब्यांची पिशवी.

माणूस ओट्यावरून उतरला आणि आकडा शून्यावर आला.

५

मी उठलो. तीन ढांगांत दार गाठलं, बाहेर पाऊल टाकलं आणि मी खुर्चीत बसलेलो होतो. पुन्हा उठलो. भिंतीला धरून, सावकाश, एकेक पाऊल बघून टाकत गेलो. उंबरा ओलांडला. उन्हाची झळ तोंडाला लागली आणि हाताखाली कीबोर्ड होता. किती वेळा उठलो कोण जाणे. घाम फुटेना, धाप लागेना. शरीराला काही झालंच नव्हतं. ते बसलेलं होतं, बस्स.

वायर उपटून काढली. यंत्राची पिनही काढली. काही फरक पडला नाही.

मी खिडकीत तोंड घालून ओरडलो, "शहाद्या!" 

ऑफिसकडून मोटारसायकल आली. शहादेव पुढं, मागं तो. फाटकापाशी गाडी हळू झाली. भिवराबाईनं झाडू बगलेत धरून हात जोडले.

"निगाला का, जमीलभाई? अम्मीला बरं वाटू द्या!"

मागच्या माणसानं मान हलवली. त्याचा चेहरा मला दिसत होता, पण शहादेवच्या खांद्याआड अर्धाच. जेवढा दिसला तेवढा माझा होता.

शहादेवनं एकदाच काटाघराकडं बघितलं. तो रडत होता. मला त्याची दया आली नाही. एका भाकरीवर वाढलेला माणूस केसानं गळा कापतो आणि वर रडतो, याची मला चीड आली. एवढी, की भीती काही काळ विसरलो. मग गाडी रस्त्याला लागली आणि तिची धूळ खाली बसली.

म्हातारी खिडकीशी आली. माझ्याकडं बघून, माझ्या आरपार बघून, तिनं टेबलावरचा पेला डोळ्यांनी चाचपला. मी हाका मारल्या, तिच्या नावानं, देवाच्या नावानं. ती पदरानं तोंड पुसत निघून गेली.

मला खूप तहान लागली होती. पेला उचलला आणि प्यालो.

६

शहादेवचा फोन लागत होता, तो उचलत नव्हता. उन्हं तिरपी झाली तेव्हा मी अम्मीचा नंबर लावला. बराच वेळ वाजला. उचलला तो शहादेवनंच.

"कोन बोलतंय?"

"शहाद्या, मी जमील."

मागं दवाखान्याचे आवाज होते. खाटेची चाकं, कुणाचं तरी खोकणं. शहादेव बाजूला झाला असावा, कारण आवाज दबले.

"जमील हितं हाय," तो म्हणाला. "अम्मीच्या उशाला बसलाय."

"शहाद्या, मला बाहेर काढ. तुझ्या पाया पडतो."

"भाऊ हाय बे माझा," तो कुजबुजला. "दोन वर्सं रोज हाक मारायचा मला. वायर न्हाई, काय न्हाई, तरी रोज. मीच धाडतो म्हनलो हुतो त्याला बदली मानूस. मी काय करायचं हुतं?"

"तू बसायचं हुतंस!"

  आयुष्यभर ज्याला भाऊ म्हटलं त्यानं दोन भावांतून एक निवडला होता, आणि तो मी नव्हतो.

"माझा भाऊ मला भाऊ म्हनत न्हाई आता," तो म्हणाला. "तुझ्या नावानं आलाय, तुझ्यासारखा बोलतो. मला शहाद्या म्हनतो."

तेवढ्यात अम्मीचा आवाज आला. "कौन है रे शहादेव? इधर ला फोन."

फोन हातांतून हातांत गेल्याची खरखर झाली. 

"हल्लो? कौन बोल रा?"

तोंड उघडलं. अम्मी, मैं हूं, तेरे पास जो बैठा है वो मैं नै. एवढंच म्हणायचं होतं. पण मागून एक बाई म्हणाली, "चला आजी, गाडी आलीय, झोपा हिच्यावर." आणि अम्मी तिला म्हणाली, "हौ, चलती ना. मेरा बेटा आ गया अब." तिच्या आवाजात महिनाभरात पहिल्यांदा भीती नव्हती.

मी बोललो असतो तर ती खाटेवर उठून बसली असती. मागच्या खेपेसारखी. डॉक्टरांचे शब्द मला पाठ होते.

"हल्लो? बोलो ना."

"राँग नंबर, आपा," मी म्हणालो. "माफ करना."

ती थांबली. मग शेजारच्या माणसाला हसून म्हणाली, "देख रे जमील, इसकी आवाज बिल्कुल तेरे जैसी है." तिकडून तो काहीतरी बोलला. माझ्याच आवाजात, अगदी मायेनं. ती पुन्हा फोनवर आली.

"कायकू रोता रे बाबा? अल्ला तेरा भला करे, जो भी है तू."

गाडीची चाकं वाजू लागली आणि फोन बंद झाला.